तलवारीचा गंज पुसू नका

जपानमध्ये तलवारींच्या अभ्यासकांच्या बैठका भरतात. जुनी पाती ओळीने मांडलेली असतात आणि प्रत्येकाचा मुठीत जाणारा भाग मुद्दाम झाकलेला असतो, कारण घडवणाऱ्याची सही तिथेच असते. येणाऱ्याने पातं दिव्याखाली तिरकं धरून न्याहाळायचं आणि कारागिराचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं. नाव बरोबर निघालं तर ‘आतारी’. नेमका माणूस हुकला, पण त्याच्याच परंपरेतला जवळचा कारागीर सांगितला, तर ‘दोझेन’, म्हणजे जवळपास तेच. कसलेले जाणकार सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या लोहाराचं नाव असं नुसतं पोलाद पाहून सांगतात. पोलादात एवढं वाचण्यासारखं काय असतं, हे समजून घ्यायला भट्टीपाशी जावं लागतं.

जपानी तलवारीचं पोलाद लोहवाळूपासून बनतं. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो भागात ‘तातारा’ नावाची मातीची भट्टी आजही हिवाळ्यात पेटते. दुसऱ्या महायुद्धानंतर ती बंद पडली होती. तलवारींच्या जतनासाठी १९४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘निप्पोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई’ या संस्थेने १९७७ मध्ये ती पुन्हा सुरू केली. तीन दिवस आणि तीन रात्री थोड्या थोड्या वेळाने लोहवाळू आणि लोणारी कोळसा आत टाकत राहतात. साधारण १० टन वाळू आणि १२ टन कोळसा खर्ची पडल्यावर भट्टी फोडून अडीच टनांच्या आसपासचा एक ओबडधोबड गोळा बाहेर काढतात. त्यातलं तलवारीच्या लायकीचं पोलाद, म्हणजे ‘तामाहागाने’, एक टनही भरत नाही.

हे पोलाद एकजिनसी नसतं. त्यात कार्बनचं प्रमाण कुठे जास्त, कुठे कमी, आणि मळी, म्हणजे वितळताना उरलेला टाकाऊ भाग, सर्वत्र अडकलेली. म्हणून लोहार ते तापवतो, घणाने ठोकतो, घडी घालतो आणि पुन्हा ठोकतो. दहा घड्या झाल्या की १,०२४ थर होतात. प्रत्येक वेळी थोडी मळी बाहेर पडते आणि थोडा कार्बन जळून जातो. सुरुवातीला १ ते दीड टक्का असलेला कार्बन शेवटी ०.६ ते ०.७ टक्क्यांवर येतो. या थरांची नक्षी पुढे पात्याच्या अंगावर दिसते. कधी लाकडाच्या गाठीभोवतीच्या वलयांसारखी, कधी सरळ रेषांची. घडी कशी घालायची याची प्रत्येक घराण्याची रीत वेगळी होती, त्यामुळे नक्षीही वेगळी. यामातो प्रांतातल्या पात्यांवर सरळ रेषा जास्त आढळतात.

मग येतो या कलेतला सर्वांत धोक्याचा क्षण, पाणी पाजण्याचा. लोहार पात्यावर मातीचा लेप लावतो, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ. साधारण ८०० अंश सेल्सिअसला तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की धार क्षणात थंड होते. कार्बनला लोखंडाच्या स्फटिकांतून निसटायला वेळ मिळत नाही, तो आतच अडकतो आणि ‘मार्टेन्साइट’ नावाची अतिशय कडक रचना तयार होते. जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते, तिथे ‘पर्लाइट’ हा मऊ आणि चिवट प्रकार तयार होतो. मार्टेन्साइटला जागा जास्त लागते, त्यामुळे धारेची बाजू फुगते आणि पातं पाठीकडे वाकतं. जपानी तलवारीची सुप्रसिद्ध कमान बरीचशी अशी पाण्यात जन्माला येते. इथेच काही पात्यांना तडे जातात आणि आधीची सगळी मेहनत फुकट जाते.

कडक आणि मऊ पोलाद जिथे भेटतात ती पांढुरकी सीमारेषा म्हणजे ‘हामोन’. बिझेन प्रांतातल्या इचिमोंजी घराण्याचा हामोन लवंगांच्या ओळीसारखा फुललेला असतो. मिनो प्रांतातल्या कानेमोतोचा हामोन तीन-तीन सुरूंच्या टोकांसारखा उंचसखल. सागामी प्रांताच्या परंपरेत मार्टेन्साइटचे कण इतके मोठे असतात की ते नुसत्या डोळ्यांनी सुटे सुटे चमकताना दिसतात. त्यांना ‘निए’ म्हणतात. कण बारीक असले तर धुक्यासारखी सलग पट्टी दिसते, ती ‘निओई’. धातुशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहतो त्याचा बराच भाग हे जाणकार शेकडो वर्षं दिव्याच्या उजेडात पाहत आले आहेत. मला या विषयाचं सर्वांत मोठं आकर्षण हेच वाटतं.

आकारावरून काळ कळतो. बाराव्या-तेराव्या शतकातलं पातं मुठीजवळ जास्त वाकलेलं आणि टोकाकडे निमुळतं असतं, कारण ते घोडेस्वाराचं हत्यार होतं. चौदाव्या शतकात पाती रुंद आणि प्रचंड लांब झाली. पुढे पायदळाची लढाई वाढली तेव्हा त्यातली अनेक मुठीकडून कापून आखूड केली गेली. त्या कापण्यात सही गेली. त्यामुळे बिनसहीचं पातं म्हणजे हलकं पातं, असं समजायचं कारण नाही. अत्युत्तम मानलेल्या कित्येक तलवारींवर सही नाही.

आता त्या झाकलेल्या भागाकडे येऊ. त्याला ‘नाकागो’ म्हणतात. त्यावर सही असते, कानशीने ओढलेल्या खुणा असतात आणि मूठ पक्की करणाऱ्या बांबूच्या खिळीचं भोक असतं. कानशीच्या खुणाही घराण्याप्रमाणे ठरलेल्या: कुणाच्या आडव्या, कुणाच्या तिरप्या, कुणाच्या ससाण्याच्या पिसासारख्या दोन्हीकडून उतरत्या. या सगळ्यावर गंजाचा थर असतो. पात्याला वारंवार तेल लागतं, ते घासलं जातं, पण नाकागोला कुणी हात लावत नाही. त्यामुळे तो गंज शतकानुशतकं संथपणे दाट होत जातो. जुन्या नाकागोचा रंग गडद तपकिरी, जवळजवळ काळा असतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. लालसर, भुसभुशीत गंज नव्या पात्याचा किंवा ओलीत पडून राहिल्याचा. खोट्या सह्यांचा उद्योग या क्षेत्रात जुनाच आहे. सही छिन्नीने खोदतात, म्हणून नंतर खोदलेल्या अक्षरांच्या खाचांतला गंज भोवतीच्या गंजाशी जुळत नाही. रसायनं लावून गंज आणला तरी त्याचा पोत वेगळा राहतो. म्हणजे सही खरी की खोटी, याचा साक्षीदार हा गंज आहे. तो चकचकीत घासून काढला की साक्ष मिटते आणि ती कुठल्याही उपायाने परत आणता येत नाही. वारशाने आलेली तलवार ‘स्वच्छ’ करण्याच्या भरात अशा किती सह्यांचा पुरावा नष्ट झाला असेल, या विचाराने खरोखर वाईट वाटतं.

अशा तलवारी जगभर पसरल्या त्या १९४५ नंतर. दोस्त राष्ट्रांच्या फौजांनी जपानमध्ये शस्त्रं जमा करून घेतली. ब्रह्मदेशात आणि मलायात शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या स्वाधीन केल्या. त्यातल्या बऱ्याच कारखान्यात घडवलेल्या, तेलात निववलेल्या होत्या, आणि अशांच्या नाकागोवर अनेकदा छोटा शिक्का सापडतो. पण लष्करी मुठीत जुनं घराण्यातलं पातं बसवून रणांगणावर गेलेले अधिकारीही होते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मूठ उतरवून नाकागो पाहिल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानाची कुनिमुने या कारागिराची तलवार याच काळात नाहीशी झाली. ती अमेरिकेत वॉल्टर कॉम्प्टन या संग्राहकाच्या हाती आली. औषध कंपनी चालवणाऱ्या या माणसाने तलवारींचा मनापासून अभ्यास केला होता. आपल्याकडे काय आलं आहे हे उमगल्यावर त्यांनी १९६३ मध्ये ती देवस्थानाला परत केली, मोबदला न घेता. संग्राहक कसा असावा, असं कुणी विचारलं तर मी याच माणसाचं नाव सांगेन.

जतनाचे नियम थोडके आहेत. पात्याला बोट लावायचं नाही, घामातलं मीठ पुढे ठिपक्याठिपक्यांच्या गंजात दिसतं. तेलाचा अगदी पातळ थर ठेवायचा. परंपरेने त्या तेलाला लवंगेचा वास देतात. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे गेली की लोखंड झपाट्याने गंजतं, आणि खारी हवा असली तर त्याआधीही. पातं नक्षीदार लाखेच्या म्यानात कायम ठेवू नये. त्यासाठी होनोकी लाकडाचं साधं म्यान असतं. त्याचे दोन अर्धे भाताच्या खळीने चिकटवतात, म्हणजे आत कचरा किंवा गंज शिरला तर म्यान उकलून साफ करता येतं. रेशमी गुंडीतली दगडाची पूड पात्यावर आपटून पुसायची जुनी पद्धत चित्रांतून सर्वांना ठाऊक झाली आहे, पण ती पूड सूक्ष्म ओरखडे पाडते. ताज्या झिलईच्या पात्यावर ती वापरू नये, असं मानणाऱ्यांच्या बाजूचा मी आहे.

पात्यावर गंज चढलाच तर काम शिकलगाराचं, तेही जपानी पद्धतीत अनेक वर्षं शिकलेल्या. तो खरखरीतपासून अतिमुलायमपर्यंत नैसर्गिक दगडांची मालिका वापरतो. शेवटच्या टप्प्यांतला दगड क्योतो परिसरातल्या खाणींतून येतो, आणि तो नखाएवढा पातळ करून बोटाखाली धरतात. पण दर वेळी थोडं पोलाद जातंच. अनेक पाती मऊ पोलादाच्या गाभ्याभोवती कडक पोलादाचं कवच चढवून घडवलेली असतात. हे कवच झिजून आतलं मऊ पोलाद उघडं पडलं की पातं थकलं, असं म्हणतात.

न कापता, न घासता आत डोकावण्याची सोय आता झाली आहे. जाड पोलादातून क्ष-किरण फारसे जात नाहीत, न्यूट्रॉन जातात. इंग्लंडमधल्या ‘आयसिस’ या न्यूट्रॉन संशोधन केंद्रात फ्लॉरेन्सच्या स्टिबर्ट संग्रहालयातली जपानी पाती अशी तपासली गेली. जपानमध्ये तोकाईच्या ‘जे-पार्क’ केंद्रातही असे प्रयोग झाले. न्यूट्रॉन स्फटिकांवर आदळून कसे विखुरतात यावरून मार्टेन्साइट कुठे किती खोल आहे, कार्बन किती, मळी किती, हे कळतं. दिव्याखाली केलेल्या वाचनाला त्याने आकडे मिळाले.

आणि तरीही एक तलवार सापडत नाही. मासामुने या विख्यात कारागिराचं ‘होंजो मासामुने’ हे पातं तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकांच्या, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होतं. १९३९ मध्ये ते राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालं. डिसेंबर १९४५ मध्ये तोकुगावा कुटुंबाने ते तोक्योच्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केलं. पुढच्या महिन्यात ते दोस्त सैन्याच्या माणसाकडे दिलं गेलं आणि तिथून पुढचा माग नाही. त्यावर सही नाही, कारण तेही कापून आखूड केलेलं आहे. लांबीची नोंद ६५.१ सेंटिमीटर अशी आहे आणि हामोनची जुनी रेखाटनं शिल्लक आहेत. ते कुठे पेटीत पडलं असेल आणि कुणी कानस किंवा सॅंडपेपर घेऊन त्याच्यामागे लागलं नसेल, तर ही रेखाटनं पात्याशेजारी ठेवून ओळख पटवता येईल.