‘काय केलेत?’ आणि ‘काय कराल?’ : रिटेल ट्रेनीच्या मुलाखतीतले दोन प्रश्न

मोठ्या रिटेल साखळीत पदवीधर ट्रेनी म्हणून मुलाखतीला गेल्यावर “चिडलेल्या माणसाची समजूत घातल्याचा एखादा प्रसंग सांगा” हा प्रश्न येतो, आणि “समजा, बिलिंग काउंटरवर एखादा ग्राहक चिडला, तर काय कराल?” हाही येतो. दोन्हींचा विषय एकच असल्यामुळे अनेक उमेदवार दोन्हींना “मी त्यांचे शांतपणे ऐकून घेईन” असे एकच उत्तर देतात. पहिल्या प्रश्नाला हे उत्तर चालत नाही, कारण तिथे घडलेली गोष्ट विचारलेली असते.

घडलेल्या गोष्टीवरच्या प्रश्नामागे, माणूस पूर्वी जसा वागला तसाच पुढेही वागण्याची शक्यता अधिक, हे गृहीतक आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये मांडलेली, प्रत्यक्ष घडलेल्या निर्णायक प्रसंगांवरून कामाचे स्वरूप समजून घेण्याची पद्धत आणि संशोधक टॉम जान्झ यांनी 1982 मध्ये त्याच वाटेने तपासलेली मुलाखतीची रीत यांच्याशी या प्रश्नाचे नाते आहे. म्हणून इथे एकच प्रसंग हवा, आणि तो कधी, कुठे घडला, त्यात तुमच्यावर काय सोपवलेले होते, तुम्ही काय केले आणि शेवटी काय झाले, हे सारे त्यात यायला हवे. “मी नेहमी सर्वांना सांभाळून घेतो” हे वाक्य कितीही खरे असले तरी तो प्रसंग नव्हे.

नोकरीच केलेली नाही, मग प्रसंग आणायचा कुठून, ही नवपदवीधरांची अडचण मला खरी वाटते. पण अनुभव पगारी असलाच पाहिजे, अशी अट सहसा नसते. एनएसएसच्या शिबिरातला किराणा, गणेश मंडळाची वर्गणी, घरच्या दुकानातला गल्ला, यांतले काहीही चालते. महाप्रसादाची कुपने आणि जमा रक्कम यांचा मेळ बसेना, तेव्हा आपण पावतीपुस्तकांची स्थळप्रत एकेक करून तपासली, दोन पावत्या नोंदवायच्या राहिल्याचे सापडले आणि त्याच रात्री खजिनदारांना दाखवले, एवढे नेमके सांगता आले तर ते उत्तर भक्कम आहे. मात्र संकोचाने सगळे “आम्ही केले” असे सांगू नये. समोरच्याला तुमचा वाटा कळला पाहिजे.

‘समजा’ने सुरू होणारा प्रश्न मानसशास्त्रज्ञ गॅरी लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये पुढे आणलेल्या पद्धतीतला आहे. माणसाचा इरादा त्याच्या पुढच्या वागण्याची दिशा सांगतो, हे त्यामागचे गृहीतक. आणि या पद्धतीत कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे, याचे नमुने आधीच ठरवलेले असतात. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी रांग पार दुधाच्या फ्रीजपर्यंत गेलेली आहे आणि रॅकवर तेलाच्या पिशवीची किंमत कमी लिहिलेली असताना बिलात जास्त लागली, अशी एका ग्राहकाची तक्रार आहे, असे समजा. इथे जुना किस्सा सांगत बसू नये; कामांचा क्रम आणि त्याची कारणे सांगावीत. आधी त्या ग्राहकाला बाजूला घेऊन रांग चालू ठेवायची, मग रॅकवरचे लेबल स्वतः जाऊन पाहायचे. ग्राहकाचे म्हणणे खरे निघाले, तर कमी किमतीत माल देण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे फ्लोअर मॅनेजरना विचारायचे आणि पुढच्या ग्राहकाची तीच फसगत होऊ नये म्हणून लेबल लगेच बदलून घ्यायचे. बिलातली किंमत छापील एमआरपीपेक्षाच जास्त असेल, तर मात्र अधिकाराचा प्रश्नच उरत नाही, कारण एमआरपीच्या वर विक्री करायला 2011 च्या वैधमापनशास्त्र (वजनमापे आणि पॅकबंद माल यांविषयीच्या) नियमांनीच मनाई आहे. हा फरक ज्याला आपणहून सुचतो, तो उमेदवार मला तयारीचा वाटतो.

‘समजा’चे उत्तर संपताच “असे प्रत्यक्ष कधी झाले होते का?” असे विचारले गेले, तर प्रश्नाचा प्रकार बदलला आहे, हे ओळखावे. जवळचा प्रसंग असेल तर तो थोडक्यात सांगावा. नसेल तर “नाही, असे अजून घडलेले नाही” असे सरळ म्हणावे, कारण रचून सांगितलेला प्रसंग पुढच्या दोन उपप्रश्नांतच उघडा पडतो.