पाच व्होल्टचा प्रवास: जुन्या घडणीचं किट यूएसबीवर कसं आलं

झेड८० किंवा ६५०२ या सत्तरच्या दशकातल्या प्रोसेसर चिपवर चालणारं एखादं किट मागवावं, दोन-तीन संध्याकाळी बसून सोल्डर करावं आणि फोनच्या चार्जरची केबल लावावी, की बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा 'ओके' स्क्रीनवर उमटतो. ट्रान्सफॉर्मर नको, वेगळा पॉवर सप्लाय नको. हे आता इतकं अंगवळणी पडलंय की यूएसबीचे ५ व्होल्ट आणि जुन्या चिपांचे ५ व्होल्ट योगायोगानं जुळले असंच वाटावं. पण दोन्हींचं मूळ एकच आहे. आणि या सोयीपायी आपण एक गोष्ट गमावली आहे, ती किट अडलं की मगच लक्षात येते.

सुरुवात साठच्या दशकात होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं ७४०० मालिकेतल्या टीटीएल चिपा, म्हणजे डिजिटल सर्किटाच्या पायाभूत विटा, बाजारात आणल्या. त्यांना ५ व्होल्ट लागत, आणि तेही ४.७५ ते ५.२५ यांच्या आतच. या चिपा इतक्या पसरल्या की पुढे ज्यांनी ज्यांनी डिजिटल सर्किट केलं, त्यांनी ५ व्होल्ट गृहीतच धरले.

मायक्रोप्रोसेसर आले तेव्हा मात्र एवढ्यावर भागत नव्हतं. १९७४च्या इंटेल ८०८०ला अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२ असे तीन पुरवठे लागत. २७०८ ही ईप्रॉम (प्रोग्रॅम कायम साठवणारी चिप) तशीच, ४११६ ही रॅमची चिपही तशीच. सिरियल पोर्टला (एकेक बिट करून माहिती पाठवणाऱ्या सॉकेटला) अधिक-उणे १२ लागायचे ते निराळेच. जानेवारी १९७५च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर झळकलेल्या अल्टेअर ८८०० किटमध्ये म्हणूनच जाडजूड ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कपॅसिटर होते. त्याची सगळी कार्डं जोडणाऱ्या तारांवरून, म्हणजे बसवरून, सुमारे ८ व्होल्टचा कच्चा पुरवठा फिरायचा आणि प्रत्येक कार्डावर ५ व्होल्टचा स्वतंत्र रेग्युलेटर असायचा. पुढच्याच वर्षी आलेला ॲपल-१ हा ६६६.६६ डॉलरचा बोर्ड चिपा लावून तयार मिळायचा, पण त्याचे दोन ट्रान्सफॉर्मर गिऱ्हाइकानं स्वतः शोधून आणायचे.

त्या काळचा खरा कामकरी म्हणजे ७८०५. तीन पायांचा हा रेग्युलेटर आजही लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो. वरून ७ व्होल्ट येवोत की १२, खाली तो ५च सोडतो. उरलेलं सगळं उष्णतेत जातं. ९ व्होल्टचे ५ करायचे आणि करंट अर्धा अँपिअर असेल, तर ४ गुणिले ०.५, म्हणजे २ वॅट नुसती उष्णता. प्रत्यक्ष चिपांच्या वाट्याला येतात २.५ वॅट. १९८१च्या झेडएक्स ८१ या घरगुती कॉम्प्युटरचा डबा थोड्या वेळात कोमट व्हायचा तो यामुळेच. तो ४९.९५ पौंडांना किट म्हणूनही मिळायचा. त्याच्या ॲडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेलं असलं, तरी लोड हलका असला की मीटरवर त्याहून बरेच जास्त दिसायचे. कॉम्प्युटरला त्याची झळ लागत नसे, कारण मध्ये ७८०५ उभा होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

एकाच पुरवठ्याकडे वळण सत्तरच्या दशकातच लागलं. ६५०२ आली १९७५मध्ये, झेड८० आणि ८०८५ आल्या १९७६मध्ये. तिन्ही चिपा फक्त ५ व्होल्टवर चालणाऱ्या. ८०८५च्या नावातला शेवटचा ५ इंटेलनं हेच सांगायला ठेवला होता. डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला ज्यांनी ८०८५चं ट्रेनर किट हाताळलंय, त्यांना त्याच्या शेजारचा जड सप्लाय आठवत असेल. प्रोसेसर ५ व्होल्टवर समाधानी असूनही तो सप्लाय १२ व्होल्ट पुरवायचा, कारण सिरियल पोर्टची भूक भागलेली नव्हती. ती भागवली १९८७च्या मॅक्स२३२नं. ही चिप ५ व्होल्टमधूनच कपॅसिटरच्या साहाय्यानं लागणारे अधिक-उणे व्होल्ट तयार करते. सोबत कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चिपा आल्या. साध्या टीटीएलचं एक गेट साधारण १० मिलिवॅट खायचं, टीटीएलच्याच सुधारित एलएस मालिकेतलं २, आणि ७४एचसी या सीमॉस मालिकेतली चिप स्वस्थ असताना जवळजवळ काहीच नाही. अख्खा कॉम्प्युटर काहीशे मिलिअँपिअरच्या आत बसू लागला. एका पुरवठ्याचा आणि थोडक्या करंटचा कॉम्प्युटर यूएसबीच्या आधीच तयार होता. वाट पाहत होता म्हटलं तरी चालेल.

यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६मध्ये आली. तिच्या घडणीत पुढे असलेले इंटेलचे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. उद्देश होता कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांच्या वेगवेगळ्या सॉकेटांचा गुंता सोडवण्याचा. वीज ही त्या केबलमधली दुय्यम गोष्ट. ती ५ व्होल्ट का, याचं उत्तर आधीच्या सॉकेटांमध्ये आहे: १९८१च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डाच्या प्लगमध्येही एक पिन ५ व्होल्टची होती, आणि ते ५ व्होल्ट टीटीएलचेच. यूएसबीनं ते तसेच पुढे चालवले. घराणं एक म्हणायचं ते याच अर्थानं.

पण यूएसबी ही नियमांनी बांधलेली जागा आहे. जोडलेल्या वस्तूनं आधी १०० मिलिअँपिअरमध्ये भागवायचं, कॉम्प्युटरशी बोलून परवानगी मिळाली की ५००पर्यंत जायचं. जोडल्या क्षणी करंटचा झटका बसू नये म्हणून सुरुवातीच्या कपॅसिटरवरही साधारण १० मायक्रोफॅरडची मर्यादा. झेड८०च्या किटला यातलं काही ठाऊक नसतं. ते परवानगी मागत नाही, सरळ करंट ओढतं. बहुतेक पोर्ट निमूट देतात आणि अतिरेक झाला तरच बंद पडतात, म्हणून आपलं चालून जातं.

हौशी लोकांच्या किटांत यूएसबी आली ती सिरियल केबलच्या मार्गानं. लॅपटॉपवरचे सिरियल पोर्ट गेले आणि एफटीडीआय कंपनीच्या चिपा असलेल्या यूएसबी-सिरियल केबल आल्या. त्यांच्या टोकाला पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंडची तार असते, शिवाय ५ व्होल्टचीही. ग्रँट सर्ल यांनी मोजक्या चिपांत बसणारा झेड८० कॉम्प्युटर मांडला होता. त्यावरून स्पेन्सर ओवेन यांनी २०१४च्या रेट्रोचॅलेंज या जुन्या कॉम्प्युटरांच्या हौशी स्पर्धेसाठी आरसी२०१४ हा किट-कॉम्प्युटर घडवला. त्याच्या सिरियल कार्डावर एक जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, आहे. तो लावला की त्याच केबलमधून टर्मिनलही चालतं आणि कॉम्प्युटरलाही वीज मिळते. क्लॉक ७.३७२८ मेगाहर्ट्‌झ, सिरियलचा वेग ११५२०० बॉड, आणि सगळं एका तारेवर! मला आजवरच्या किटांमधली ही सगळ्यात देखणी सोय वाटते. फक्त वेगळा सप्लाय जोडला की तो जंपर काढायचा, नाहीतर ५ व्होल्टचे दोन पुरवठे एकमेकांत वीज ढकलत बसतात. गंमत अशी की या केबलमधली एफटीडीआयची एफटी२३२आर ही चिप कारखान्यातून येताना लॅपटॉपकडे फक्त ९० मिलिअँपिअर मागते. किट त्याहून कितीतरी जास्त ओढत असतं.

आता तो लक्षात ठेवलेला मुद्दा. माझं किट एकदा मेमरी मोजताना दर वेळी वेगळा आकडा सांगायला लागलं. सोल्डर तपासलं, रॅम बदलली, फरक नाही. शेवटी मल्टिमीटरची टोकं झेड८०च्या ११ आणि २९ क्रमांकाच्या, म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या पायांवर ठेवली: ४.५८ व्होल्ट. चार्जरवर ५.०२ होते. मधला सगळा फरक केबलनं खाल्ला होता. पातळ चार्जिंग केबलमध्ये २८ गेजची तार असते (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक). तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. जाण्यायेण्याचे मिळून पावणेदोन मीटरच्या केबलला सुमारे ०.७५ ओहम होतात. अर्धा अँपिअर वाहिला की ०.३७ व्होल्ट तिथेच गेले, प्लगच्या संपर्कात जातात ते आणखी वेगळे. २४ गेजची आखूड केबल लावली आणि आकडा ४.९च्या वर गेला. मेमरीही रोज तेवढीच भरू लागली.

९ व्होल्टच्या काळात हे कधीच जाणवलं नसतं. केबलनं अर्धा व्होल्ट खाल्ला तरी ७८०५कडे २ व्होल्टहून अधिकची उशी होती. थेट यूएसबीवर आल्यावर ती उशी गेली. आता टीटीएलची जुनी ४.७५ची रेघ आणि चार्जर यांच्यामध्ये फक्त एक तार उरली आहे. किट बनवणाऱ्यांनी केबलची जाडी सूचनापत्रात पहिल्या पानावर छापावी, असं माझं मनापासून मत आहे.

टाइप-सीनं याला आणखी एक वळण दिलं. त्या सॉकेटच्या सीसी नावाच्या दोन पिनांवर ५.१ किलोओहमचे स्वतंत्र रेझिस्टर दिसले, तरच सी-टू-सी केबलमधून वीज येते. ते रेझिस्टर विसरलेलं किट जुन्या चौकोनी प्लगच्या केबलवर चालतं आणि नव्या केबलवर मेल्यासारखं पडून राहतं. २०१९च्या रास्पबेरी पाय ४च्या पहिल्या बोर्डांवर दोन्ही पिनांना मिळून एकच रेझिस्टर होता, त्यामुळे काही केबलांवर तो सुरूच होत नसे. म्हणजे ही चूक मोठमोठ्यांकडूनही होते. पॉवर बँकेचा त्रास याच्या उलट: सीमॉस चिपांचं किट इतका कमी करंट घेतं की बँकेला वाटतं फोन भरला, आणि ती मिनिटभरात बंद होते.

याच टाइप-सीमुळे ९ व्होल्टची जुनी यंत्रंही पुन्हा सुरू करता येतात. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्सनं परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर इथे विकला होता. माळ्यावर ठेवलेला तसा एखादा असेल, तर पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे मागू तेवढे व्होल्ट देणाऱ्या) चार्जरकडून ९ व्होल्ट मागून घेणारा छोटा ट्रिगर बोर्ड त्याला पुरतो. प्लग खुपसण्याआधी मात्र मीटर लावा. स्पेक्ट्रमच्या प्लगमध्ये मधला भाग ऋण असतो आणि बाहेरचा धन, आजच्या बहुतेक ॲडॉप्टरांच्या नेमका उलटा. दिशा बरोबर असेल तर आतला ७८०५ पाच-दहा मिनिटांत हाताला गरम लागायला लागतो, चाळीस वर्षांपूर्वी लागायचा तसाच.