देवळालीच्या छावणीतून निघालेली ब्रिटिश मालिका

‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही ब्रिटिश विनोदी मालिका १९७४च्या जानेवारीत सुरू झाली आणि १९८१पर्यंत चालली. आठ पर्वं, छप्पन्न भाग. नावाचा शब्दशः अर्थ लावायला गेलं तर तो उलटाच निघतो. घरी आईला पत्र लिहिणारं शिपाईपोर ‘आई गं, काय उकडतंय इथं!’ म्हणेल, तसं ते आहे. काळ १९४५चा. युरोपातली लढाई संपलेली, जपानशी चालू. आणि जागा आपल्या नाशिकजवळची देवळाली.

लेखकांच्या जोडीने त्याआधीच म्हाताऱ्या गृहरक्षकांवरची मालिका गाजवलेली होती, त्यामुळे वाहिनीचा त्यांच्यावर विश्वास होता. पण नव्या मालिकेचं खरं भांडवल वेगळं होतं. दोघांपैकी एकजण ऐन तरुणपणी तोफखान्याबरोबर इकडे आला होता आणि देवळालीच्या छावणीत सैनिकांच्या मनोरंजन पथकात काम करत होता. बायकांच्या भूमिका करणारे पुरुष, तंबूतला रंगमंच, गाणी, नकला हे सगळं त्याने जवळून पाहिलेलं होतं. कथानकाचा पेचही तिथलाच आहे. पथकातल्या पोरांना नाचगाण्याच्या आधाराने देवळालीतच राहायचं असतं आणि सार्जंट मेजरला त्यांना जंगलात लढायला धाडायचं असतं. प्रत्येक भाग या ओढाताणीवर उभा राहतो.

देवळालीचं नाव मात्र इंग्रजीत या मालिकेच्या कितीतरी आधी गेलं होतं. ‘डूलाली’ म्हणजे वेडसर, डोकं फिरलेला. मूळ शब्दप्रयोग ‘डूलाली टॅप’, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. असं का पडलं, याची दोन उत्तरं मिळतात. वेड लागलेल्या गोऱ्या सैनिकांना मायदेशी पाठवण्याआधी देवळालीच्या इस्पितळात ठेवत, हे पहिलं, आणि सगळीकडे तेच उगाळलं जातं. मला दुसरं उत्तर जास्त पटतं. इथे १८६१पासून ये-जा करणाऱ्या फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई इथे येऊन बोटीची वाट पाहत. सैनिकांना नेणारी जहाजं साधारण हिवाळ्यातच सुटत. मोसमातली शेवटची बोट हुकली की पुढचे कित्येक महिने छावणीतच काढायचे. काम नाही, कवायत नावापुरती, लढाई नाही, घरही नाही. १९३६ साली छापलेल्या एका जुन्या शिपायाच्या आठवणींत हेच आहे. वर्षानुवर्षं शिस्तीत वागलेली माणसं इथे आल्यावर बिघडत.

उन्हाने डोकी फिरत, असंही कुणी कुणी लिहितं. ते देवळाली न पाहिलेल्यांनी लिहिलेलं असावं. मुंबईची माणसं पिढ्यान्पिढ्या जिथे हवापालटाला येतात, तिथल्या उन्हाला एवढा दोष देण्यात अर्थ नाही. माणूस हवेने नाही, खोळंबून राहण्याने पिसाळतो. ‘डोक्याला ताप’ हे आपण रोज म्हणतो. त्या शिपायांचा ताप तोच होता. परदेशी शब्दकोश ‘टॅप’ला हिंदुस्थानी किंवा संस्कृत म्हणून मोकळे होतात. शब्द तिकडेही आहे, हे खरं. पण जागा देवळालीची असताना त्यात मराठीचा उल्लेखही होत नाही, हे मला खटकतं.

मालिकेचं यश मोठं होतं. ऐन भरात प्रेक्षकांची संख्या दीड कोटीच्या घरात गेली. सार्जंट मेजर आणि पथकातला बुटका गायक यांनी मिळून म्हटलेलं एक जुनं गाणं १९७५च्या जूनमध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. पायाला दोरी बांधून पंखा ओढत बसलेला, मधूनच उर्दूत पुटपुटणारा पंखेवाला लोकांच्या लक्षात राहिला. तसाच चहावालाही. शेवटच्या श्रेयनामावलीवर तो साम्राज्याचं गौरवगीत हिंदुस्थानी ढंगात गाऊ लागतो आणि सार्जंट मेजर ओरडून त्याचं तोंड बंद करतो.

वाद झाला तो बेअररवरून, म्हणजे साहेबांच्या हुजऱ्यावरून. ‘आम्ही ब्रिटिश’ असं बोलणारी, जुन्या म्हणी सांगणारी ही सर्वांत मोठी हिंदुस्थानी भूमिका एका गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केली. त्याचा जन्म झाशीचा, युद्धात तो गुरखा फौजेत होता आणि हिंदुस्थानी सफाईने बोलत असे. या भूमिकेला पुरेसा कुणी भारतीय नट तेव्हा मिळाला नाही, असं लेखक सांगत. हे मला मान्य नाही. भारतातून गेलेले कसलेले नट तेव्हा लंडनमध्ये काम करत होते. १९७८च्या सुरुवातीला तो नट वारला. त्याच्या जागी दुसरा कुणी घेतला नाही.

तोवर पथक देवळाली सोडून ब्रह्मदेशात गेलं होतं. शेवटच्या भागात ते एकदाचं मायदेशी पोहोचतं आणि फौजेतून मोकळं होतं. मूळ वाहिनीने मालिका पुन्हा दाखवणं केव्हाच थांबवलं. लेखकांना मात्र ती आपली सर्वांत विनोदी मालिका वाटत असे. सगळे भाग डीव्हीडीवर निघालेले आहेत. देवळालीत आज भारतीय सैन्याची तोफखाना शाळा आहे.