मुंबई उभी, नागपूर आडवं

वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून दक्षिणेकडे येताना वरळी-लोअर परळचे टॉवर अंगावर येतात. नागपुरात समृद्धी महामार्गावरून रात्री शिरलात तर शहर कधी सुरू झालं ते कळतच नाही. दिवे जमिनीला टेकलेले, लांबवर सांडल्यासारखे. ठळक उंच काही शोधायचं तर शहराबाहेर, कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या.

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात हा विषय दर दिवाळीला पानठेल्यावर निघतो, कारण मुंबई-पुण्याकडे कामाला गेलेली पोरं तेव्हा घरी असतात. कोणीतरी मोबाइलवर टॉवरचा फोटो दाखवतो आणि विचारतो, "आपलं नागपूर कधी होईन असं?" म्हाताऱ्यांपैकी एकाचं उत्तर ठरलेलं असतं: "काळ्या मातीत बिल्डिंग टिकते का बाप्पा?"

हे उत्तर अर्धं खरं आहे. जुने लोक जमिनीचे दोनच भाग सांगतात, काळी आणि पांढरी. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. मेमध्ये शेतातल्या भेगेत हात मनगटापर्यंत जातो. माझ्या चुलत भावाने गावठाणाबाहेर, धुऱ्यालगत घर बांधायला काढलं तेव्हा गवंड्याने मुरूम लागेपर्यंत पाया खोदायला लावला. कमरेएवढा खड्डा झाला तरी काळीच निघत होती. छातीएवढं गेल्यावर पिवळा मुरूम लागला आणि तेवढ्यात सिमेंटचे अर्धे पैसे मजुरीत गेले होते. शेजाऱ्याने हा खर्च वाचवला. पहिला पावसाळा सरला आणि त्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेली, ती अजून वाढतेच आहे.

पण टॉवर बांधणारा छातीएवढ्यावर थांबत नाही, तो खडकापर्यंत जातो. आणि मुंबईचा जो लोअर परळ आज सगळ्यात उंच दिसतो, तो तर अठराव्या शतकात भरतीच्या पाण्याखाली जायचा. वरळीची खिंड हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने बुजवली, तेव्हा कुठे तिथली जमीन कोरडी झाली. मातीवर खापर फोडता येत नाही. फरक समजायचा तर काळीत पिकणाऱ्या कापसाच्या मागे जावं लागतं.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला आणि हिंदुस्थानी कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला. त्या तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद. त्याच्या देणगीतून, त्याच्या आईच्या नावाने, राजाबाई टॉवर उभा राहिला: उंची २८० फूट, पूर्ण झाला १८७८ मध्ये. मधल्या काळात, १८६५ साली युद्ध संपून भाव कोसळले होते आणि प्रेमचंद पार बुडाला होता. तरी मनोरा झालाच. आता गंमत बघा, रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर. लमाणांच्या बैलांवर लादून जाणारा माल रुळांवर आला तेव्हा सोन्याचा भाव संपलेला होता.

पण एकदा रूळ पडले आणि माल मुंबईकडे वाहतच राहिला. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी अमरावतीच्या नावावरून कापसाची एक जातच पाडली होती, 'ऊमरा', आणि हिंगणघाटचा माल हिंगणघाट म्हणूनच विकला जायचा. इथे जिनिंगमध्ये सरकी निघायची, प्रेसिंगमध्ये गाठी बांधल्या जायच्या, पुढचं सगळं तिकडे. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. पुढे परळ-लालबागचं गिरणगाव झालं. मुंबईची खरी पहिली स्कायलाइन म्हणजे त्या गिरण्यांच्या चिमण्या. कापूस आमच्यासारख्यांचा, कामगार बहुतेक कोकण-घाटावरचे, धूर मुंबईचा.

हा ओघ उलटा फिरवायचा एक मोठा प्रयत्न झाला. कापूस जिथे पिकतो तिथेच सूत काढायचं म्हणून जमशेटजी टाटांनी नागपुरात, जुम्मा तलावाजवळ (आताचा गांधीसागर) दलदलीची जागा घेऊन भरणी सुरू केली. एका स्थानिक सावकाराने भांडवल द्यायला नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं त्याचं मत. पुढे त्यानेच कबूल केलं म्हणे, की टाटांनी माती टाकली आणि सोनं काढलं. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्या दिवशी, १ जानेवारी १८७७ ला, ही गिरणी सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस. नागपूरला चिमण्या मिळाल्या. गिरणगाव मात्र झालं नाही.

मुंबईत चिमण्या जाऊन टॉवर आले त्यामागे संप आहे आणि एक कायदेशीर कलम आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, गिरण्याच विझत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक शहराला मोकळी जागा म्हणून, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलून वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती ठेवली. शेड पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम केला. माझ्या मते मुंबईची आजची आकृती नकाशापेक्षा या एका बदलाने जास्त ठरवली. श्रीनिवास मिलच्या जागेवर २८० मीटरचा वर्ल्ड वन उभा आहे. फिनिक्स मिलची चिमणी तर मॉलच्या आवारात शोभेला ठेवली आहे.

इथे एफएसआयचा (जागेच्या किती पट बांधकाम चालतं, त्या आकड्याचा) घोळ सोडवायला हवा, कारण पानठेल्यावर सगळे 'मुंबईत एफएसआय जास्त' म्हणून मोकळे होतात. मुंबई बेटावर १९९१ च्या नियमांत मूळ एफएसआय १.३३ होता. हजार चौरस मीटर जागेवर १३३० चौरस मीटर बांधकाम, बस. ते दोन मजल्यांत पसरवा, नाहीतर शंभर-शंभर चौरस मीटरचे तेरा मजले चढवा, नियमाला दोन्ही चालतं. वर चढायचं कारण जागेचा भाव आणि समुद्र. त्यावर झोपडपट्टी व जुन्या चाळींच्या पुनर्विकासाचा वाढीव एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) मिळाला की मजले वाढतात. ताडदेवचे इम्पीरियल टॉवर झोपडपट्टीच्या जागेवरच झाले.

नागपूरला तिन्ही बाजूंनी समुद्र नाही, कुठल्याच बाजूने नाही. शिवाय १९५६ मध्ये जुन्या मध्य प्रदेशचं राजधानीपण गेलं आणि त्याबरोबर मोठी कार्यालयं. १९३६ च्या कायद्याने आलेल्या सुधार प्रन्यासपासून (शहराची आखणी करणारी संस्था) इथली वाढ म्हणजे लेआउट: शेत घ्या, रस्ते आखा, प्लॉट पाडा. कोणालाही स्वतःचा प्लॉट परवडत असेल तर बाविसाव्या मजल्यावर तो कशाला जाईल? त्यात सोनेगावचं विमानतळ शहराला चिकटून, म्हणजे भोवतालच्या इमारतींना उंचीची मर्यादा. (मुंबईतही सांताक्रूझ-विलेपार्ल्याभोवतीचा पट्टा याच कारणाने बुटका राहिला.) एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवरही मॉल आणि घरं आली, पण लोअर परळसारखं आभाळ काही चढलं नाही. आता नागपुरात वीस-पंचवीस मजली इमारती सुट्या-सुट्या दिसू लागल्या आहेत, लेआउटांच्या मधोमध, एकट्या.

आमच्या तालुक्याच्या गावची जिनिंग काही वर्षांपूर्वी मोडली. चिमणी पाडायला दोन दिवस लागले, विटा लोकांनी बंडीने नेल्या, आमच्या गोठ्यातही त्यातल्या शे-दीडशे आहेत. जागेवर आता चुन्याच्या रेघा मारल्या आहेत आणि फाटकाशी फलक लागला आहे: 'प्लॉट विक्रीस उपलब्ध. समृद्धीपासून दहा मिनिटं.'