आयडी लॉक होतो तो कोणामुळे? चुका मोजणाऱ्या कुलपाची पार्श्वभूमी

चवथीची सुट्टी संपवून गोव्यातली ऑफिसं उघडली की पहिल्या सकाळी सिस्टमवाल्याचा फोन खाली राहत नाही. कोणी पासवर्डच विसरलेला असतो, कोणाचं कॅप्स लॉक चालू राहिलेलं असतं. इथे आणखी एक खास भानगड आहे. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीचा वापरही चालू राहिला आणि इंग्रजी तर आहेच, त्यामुळे एकाच मशीनवर दोन-तीन कीबोर्ड बसवलेले असतात. खाली कोपऱ्यात ‘मराठी’ दिसत असतं, पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके उमटतात आणि माणूस बरोबर बटणं दाबूनही चूक ठरतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी निरोप येतो, की खातं लॉक झालं आहे. आता बरोबर पासवर्ड टाकूनही उपयोग नाही.

हा नियम आला कुठून?

1961 च्या नोव्हेंबरमध्ये, गोवा मुक्त होण्याच्या महिनाभर आधी, अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची यंत्रणा चालवून दाखवली. एकच अवाढव्य कॉम्प्युटर अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, म्हणून ज्याच्या त्याच्या फायलींना पासवर्ड आला. गंमत म्हणजे तिथल्या पहिल्या प्रसिद्ध चोरीत कोणी अंदाज बांधत बसलंच नाही. 1962 मध्ये अॅलन शेर या संशोधकाला वाट्याला आलेला वेळ पुरेना, तेव्हा त्याने पासवर्डची अख्खी फाईलच छापून घेतली. 1966 मध्ये तर चोराचीही गरज पडली नाही. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करत होते, एडिटरने, म्हणजे फायली दुरुस्त करायच्या प्रोग्रामने, दोघांच्या तात्पुरत्या फायलींना एकच नाव दिलं, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले.

चुका मोजायची सवय सामान्य माणसाला लागली ती बँकेच्या मशीनमुळे. 27 जून 1967 ला लंडनजवळ एन्फील्ड इथे बार्कलेज बँकेचं पैसे देणारं यंत्र सुरू झालं. त्यामागचे जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने शिलाँगचे. त्यांना सहा आकडी पिन हवा होता, पण चारच आकडे लक्षात राहतात असं बायकोने सांगितल्यावर चारावर तडजोड झाली, ही हकीकत त्यांनीच पुढे सांगितली. चार आकड्यांचे पर्याय होतात 10,000. रात्रभर मोकळं सोडलं तर चिकाटीचा माणूस त्यातले बरेच संपवील. पण तीनच संधी दिल्या तर आंधळा अंदाज लागण्याची शक्यता दहा हजारांत तीन उरते. एटीएम कार्ड गिळू लागली ती या हिशेबाने. मोबाईलच्या सिमकार्डात हाच हिशेब आहे. तीनदा पिन चुकला की पीयूके हा कुलूप उघडायचा आठ आकडी कोड लागतो, आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं बाद. तीन या आकड्यात मात्र शास्त्र काही नाही. माणसाच्या विसराळूपणाला थोडी सूट द्यावी, एवढाच त्याचा अर्थ.

कॉम्प्युटरवर हे हुशारीने केलं ते 1980 च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हीएमएस यंत्रणेने. ती आधी चुका करणाऱ्यावर नुसता संशय घ्यायची. मर्यादा ओलांडली की त्याला घुसखोर ठरवायची आणि थोडा वेळ बरोबर पासवर्डसुद्धा नाकारायची, पण कारण सांगायची नाही. समोरच्याला वाटायचं, अंदाज अजून चुकतोच आहे. व्हीएमएस घडवणाऱ्यांतले डेव्हिड कटलर पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि विंडोज एनटी त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं. एनटीच्या घराण्यात खातं लॉक करायची सोय आली, पण एक मोठी फट राहिली. मशीनवरचं मूळ अॅडमिनिस्ट्रेटर खातं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, कितीही चुकलं तरी लॉक होत नसे. चोराला सगळ्यात हवं असलेलं खातं नेमकं तेच! ती फट बुजवायची सोय ऑक्टोबर 2022 च्या अपडेटने दिली. नव्या मशीनवर आता दहा चुका झाल्या की दहा मिनिटं थांबावं लागतं.

या कुलपाचा उपयोग दारात उभं राहून अंदाज बांधणाऱ्यापुरताच आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवलेली फाईलच हाती लागली तर चोर आपल्या मशीनवर निवांत हवे तितके प्रयत्न करतो, तिथे मोजणारं कोणी नसतं. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 मध्ये युनिक्स या कॉम्प्युटर यंत्रणेच्या पासवर्डबद्दल लिहिलं ते याच धोक्याविषयी. त्यांनी तपासलेल्या 3,289 पासवर्डपैकी बहुतेक सहज सापडण्यासारखे निघाले. 1988 च्या नोव्हेंबरमध्ये या मॉरिसांच्याच मुलाने सोडलेला वर्म, म्हणजे आपोआप एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरणारा प्रोग्राम, 432 शब्दांची यादी घेऊन पासवर्ड फोडत फिरला.

दुसरी अडचण म्हणजे कुलूप चुका मोजतं, माणूस ओळखत नाही. दुसऱ्याचं युजरनेम ठाऊक असलं की मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून त्याला बाहेर काढता येतं. 2008 च्या अखेरीस पसरलेला कॉनफिकर वर्म ऑफिसच्या नेटवर्कवर सोपे पासवर्ड घालून पाहायचा. त्यामुळे काही न केलेल्या कर्मचाऱ्यांची खाती धडाधड लॉक व्हायची, आणि वर्म शिरल्याची वर्दी अनेकांना त्यावरूनच मिळाली. उलट सराईत चोर आता एकच सोपा पासवर्ड शेकडो खात्यांवर एकेकदाच टाकून बघतो, म्हणजे कोणाचीच मोजणी भरत नाही.

रोजच्या तक्रारीत तर चोर नसतोच. पासवर्ड बदलला, पण पर्समधल्या मोबाईलवरचं ऑफिसचं मेल जुनाच पासवर्ड ठरावीक वेळाने पाठवत राहतं. सिस्टमवाला खातं उघडून देतो, जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते पुन्हा बंद. सर्व्हरच्या नोंदीत 4740 क्रमांकाची घटना शोधली, तर लॉक कुठल्या यंत्रामुळे झालं त्याचं नाव बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं. ती न बघता खातं फक्त उघडून देणारे कमी नाहीत.

म्हणून मला कायमचं लॉक करणं हा आळशी उपाय वाटतो, थांबायला लावणं बरं. मानकंही तिकडेच वळली आहेत. लिनक्सवर चुका मोजणाऱ्या फेललॉक या प्रोग्रामची मूळ मांडणी पंधरा मिनिटांत तीन चुका झाल्यास दहा मिनिटं बंद, अशी आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2017 मध्ये सलग चुकांची कमाल मर्यादा चक्क 100 ठेवली, आणि ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती नको असंही सांगितलं. नव्या लॅपटॉपच्या पिनसाठी तर ही मोजणी टीपीएम या सुरक्षेसाठी बसवलेल्या वेगळ्या चिपमध्ये गेली आहे. विंडोज ती 32 चुकांपर्यंत जाऊ देतं आणि दर दहा मिनिटांनी एक चूक विसरतं.