शार्लट ब्राँटे आणि समीक्षक

आपल्या पुस्तकांवरची परीक्षणे इंग्लिश कादंबरीकार शार्लट ब्राँटे (१८१६–१८५५) कधी टाळत नसे. प्रतिकूल मजकूर आपल्यापासून लपवू नये, असा तिचा प्रकाशकांना आग्रह होता. लंडनच्या ‘स्मिथ, एल्डर’ या प्रकाशनसंस्थेत हस्तलिखिते वाचणारा डब्ल्यू. एस. विल्यम्स तिला यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावी टपालाने परीक्षणे पाठवी. तिचा ताजा प्रतिसाद त्याला लिहिलेल्या पत्रांत सापडतो. जाहीर उत्तर मात्र ती प्रस्तावनेत देई, नाहीतर पुढच्या कादंबरीत.

ऑक्टोबर १८४७मध्ये ‘करर बेल’ या टोपणनावाने ‘जेन एअर’ प्रसिद्ध झाली. पुस्तक अधार्मिक आहे, या आक्षेपाला तिने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत (२१ डिसेंबर १८४७) उत्तर दिले: रूढी म्हणजे नीती नव्हे आणि पुण्यवानपणाचा तोरा म्हणजे धर्म नव्हे. ही आवृत्ती तिने कादंबरीकार थॅकरेला अर्पण केली आणि इथेच घोटाळा झाला. थॅकरेची पत्नी मनोरुग्ण होती, हे तिला ठाऊक नव्हते. कादंबरीतल्या रॉचेस्टरची पत्नीही मनोरुग्ण आहे आणि नायिका जेन त्याच्या घरची गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी शिक्षिका. त्यामुळे लेखिका थॅकरेच्या घरची गव्हर्नेस असावी, अशी कुजबुज लंडनमध्ये सुरू झाली.

डिसेंबर १८४८च्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकात एलिझाबेथ रिग्बीने निनावी परीक्षणात कादंबरीला ख्रिस्तविरोधी ठरवले. लेखक स्त्री असेल, तर सभ्य स्त्रियांच्या सहवासाला ती केव्हाच मुकलेली असणार, असेही लिहिले. त्याच महिन्यात शार्लटची बहीण एमिली वारली, पुढच्या मे महिन्यात धाकटी बहीण ॲन. ऑगस्ट १८४९मध्ये शार्लटने ‘शर्ली’ या पुढच्या कादंबरीसाठी ‘क्वार्टर्ली’ला उद्देशून उपरोधिक प्रस्तावना लिहिली. प्रकाशकांना तिचा सूर पटला नाही. तिने बदल करायला नकार दिला, कारण लोकांपुढे आसवे गाळणे तिला मान्य नव्हते. प्रस्तावना छापलीच गेली नाही. पण रिग्बीची गव्हर्नेसविषयीची वाक्ये ‘शर्ली’त एका गर्विष्ठ कुटुंबाच्या तोंडी आली. हे उत्तर प्रस्तावनेपेक्षा कितीतरी प्रभावी आहे, कारण तिथे ती वाक्येच बोलणाऱ्याला उघडे पाडतात.

निंदेपेक्षा तिला बोचे तो मापदंड. लेखक पुरुष असेल तर ‘जेन एअर’ स्तुत्य आणि स्त्री असेल तर किळसवाणे, असे ‘इकॉनॉमिस्ट’ने म्हटले होते. समीक्षकांपुढे मी ना पुरुष ना स्त्री, केवळ लेखक म्हणून उभी आहे, असे तिने विल्यम्सला कळवले. तिच्याशी पत्रव्यवहार असलेला समीक्षक जी. एच. लुइस याने जानेवारी १८५०मध्ये ‘शर्ली’चे परीक्षण तिच्या स्त्रीत्वाभोवतीच फिरवले. तेव्हा तिने त्याला एका ओळीत लिहिले: शत्रूंपासून मी सावध राहू शकते, पण मित्रांपासून देवानेच वाचवावे.

पत्रांतला हा ताठपणा प्रत्यक्षात नेहमी टिकत नसे. डिसेंबर १८४९मध्ये ती प्रकाशक जॉर्ज स्मिथच्या घरी राहत असताना ‘टाइम्स’मध्ये ‘शर्ली’वर कठोर टीका आली. घरच्यांनी अंक लपवला. तिने तो मागून घेतला आणि चेहऱ्यापुढे धरून वाचू लागली. स्मिथच्या आईला तिची आसवे मांडीवर टपकताना दिसली.

एमिलीच्या ‘वदरिंग हाइट्स’ या कादंबरीच्या १८५०च्या आवृत्तीला जोडलेल्या चरित्रात्मक टिपणात ती बहिणींच्या वतीने बोलली. तिघी बहिणी ‘बेल’ या आडनावाने लिहीत; हे तिन्ही ‘बेल’ म्हणजे एकच लेखक, हा समज तिने खोडला आणि एमिलीची ताकद ओळखता न आलेल्या समीक्षकांना दोष दिला. स्वतः एमिलीने कोणालाच जाहीर उत्तर दिले नव्हते. तिच्या मृत्यूनंतर लिखाणाच्या पेटीत ‘वदरिंग हाइट्स’च्या पाच परीक्षणांची कात्रणे मिळाली.