नाव झाकलेला अर्ज आणि वेबचे साडेआठ हजार तास

‘वेब दुर्बिणीने टिपला अमुक ग्रह’, ‘हबलला दिसली तमुक दीर्घिका’. अशा मथळ्यांत कर्ता नेहमी दुर्बीणच असते, जणू तिला वाटलं आणि तिने मान वळवली. फार तर ‘नासाने ठरवलं असेल’ असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या चित्रामागे कुणीतरी खूप आधी लिहिलेला अर्ज असतो, आणि तसेच मेहनतीने लिहिलेले आठ-नऊ अर्ज नाकारले गेलेले असतात.

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या चौथ्या निरीक्षण-फेरीसाठी (एक फेरी साधारण वर्षाची) अर्ज करण्याची मुदत १५ ऑक्टोबर २०२४ रोजी संपली. तोवर २,३७७ अर्ज आले होते. सगळ्यांनी मिळून सुमारे ७८,००० तास मागितले होते. वर्षाचे तास असतात ८,७६०, त्यातले वाटायला होते साधारण ८,५००. एका तासामागे नऊ दावेदार! पहिल्या फेरीत अर्ज होते १,१७३, म्हणजे चार फेऱ्यांत अर्जांची संख्या दुप्पट झाली.

अर्ज जगातला कोणताही खगोलशास्त्रज्ञ करू शकतो. दुर्बिणीचं भाडं भरावं लागत नाही. पण प्रश्न कोणता, तो याच दुर्बिणीने का सुटेल, लक्ष्य किती अंधूक आहे आणि त्यासाठी नेमके किती तास लागतील, हे सगळं हिशेबानिशी मांडावं लागतं. ग्रहांचा अभ्यास करणाऱ्यांना यात एक जास्तीची कटकट असते. वेबची उष्णतारोधक ढाल कायम सूर्याकडे असावी लागते, म्हणून ही दुर्बीण सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातच बघू शकते. बुध आणि शुक्र तिला कधीच दिसणार नाहीत. गुरू मध्यरात्री डोक्यावर तेजाने झळकत असतो तेव्हा तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, १८० अंशांच्या आसपास असतो. आपल्याला सर्वांत छान दिसतो, आणि नेमका तेव्हाच वेबला तो बघता येत नाही! त्यामुळे वेबसाठी गुरूचे दरवर्षी दोनच हंगाम असतात, प्रत्येकी सुमारे पन्नास दिवसांचे. गुरू वक्री आहे म्हणून कुणाचं काम अडत नाही, हे पंचांग बघून अर्ज भरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. तो १३५ अंशांपलीकडे गेला, तर मात्र खरंच अडतं.

हे सगळं जमलं की अर्ज निवड समितीपुढे जातो. माझ्या मते खरं विज्ञान इथून पुढे सुरू होतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

हबलच्या अर्जांची जुनी आकडेवारी तपासली गेली तेव्हा एक नकोशी गोष्ट दिसली. अकराव्यापासून एकविसाव्या फेरीपर्यंत, एकही फेरी न चुकता, पुरुष मुख्य अर्जदारांच्या यशाचं प्रमाण स्त्रियांपेक्षा जास्त होतं. फरक थोड्या टक्क्यांचा होता, पण दर वेळी त्याच बाजूला झुकलेला. नाणं अकरा वेळा उडवलं आणि अकराही वेळा छापाच पडला, तर नाण्यावर संशय घ्यावाच लागतो. हबलचा वेळ वाटणाऱ्या बाल्टिमोरच्या ‘स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट’ने आधी वरवरचे उपाय केले. अर्जदाराचं नाव पहिल्या पानावरून आत ढकललं, पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं घातली. फरक पडला नाही. अखेर २०१८ साली, सव्विसाव्या फेरीत, नाव पूर्णच झाकलं गेलं. परीक्षक कोण हे अर्जदाराला माहीत नसायचंच, आता अर्जदार कोण हे परीक्षकालाही कळेनासं झालं. याला दुहेरी-अनाम परीक्षण म्हणतात.

नुसतं नाव खोडून हे साधत नाही. ‘आम्ही आमच्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे’ असं लिहिलं की ओळख उघड झालीच. म्हणून स्वतःच्या कामाचा उल्लेखही तिऱ्हाइताचं असल्यासारखा करावा लागतो. समितीच्या खोलीत एक व्यक्ती केवळ एवढ्यासाठी बसवलेली असते, की चर्चा ‘हा अमक्याचाच गट दिसतोय’ अशी घसरली तर ती तिथेच थांबवावी. गटाच्या अनुभवाची माहिती वेगळ्या पानावर असते आणि क्रमवारी ठरल्यावरच ते पान उघडतात. ‘यांना हे काम जमेल का?’ हा प्रश्न विचारला जातोच, फक्त सर्वांत शेवटी.

निकाल लागला. स्त्रियांच्या १३८ अर्जांपैकी १२ मंजूर, म्हणजे ८.७ टक्के. पुरुषांच्या ३५१ पैकी २८ मंजूर, म्हणजे ८.० टक्के. स्त्रिया पहिल्यांदाच पुढे गेल्या, आणि त्याची बातमी झाली. आता जरा कागद-पेन्सिल घ्या. स्त्रियांचा एकच अर्ज कमी मंजूर झाला असता तर? १३८ पैकी ११, म्हणजे तेही ८.० टक्के. अख्खी ‘आघाडी’ एका अर्जाची होती! अनामिकतेचा उपयोग नाही, असा याचा अर्थ नाही. एका फेरीवरून कुणी जिंकलं-हरलं म्हणू नये, एवढाच आहे. बोलका पुरावा वेगळा आहे: नाव झाकल्यानंतर, ज्यांना हबलचा वेळ पूर्वी कधीच मिळाला नव्हता अशा अर्जदारांचा यशस्वी यादीतला वाटा वाढला. नावाचं वजन उतरलं, तर नवख्यांना फायदा होणारच.

पण नाव झाकून पूर्वग्रह कमी होतो, गोंगाट कमी होत नाही. पूर्वग्रह तराजूला एका बाजूला झुकवतो. गोंगाट म्हणजे काटा उगाचच हलत राहणं. एकाच अर्जाला एक परीक्षक ‘उत्तम’ म्हणतो, दुसरा ‘ठीक’. दोघंही प्रामाणिक असतात, आवडी वेगळ्या असतात.

हा गोंगाट किती महागात पडतो ते मोजता येतं. समजा, अर्जांच्या खऱ्या गुणवत्तेत जेवढं कमी-जास्त आहे, तेवढंच कमी-जास्त एका परीक्षकाच्या आवडीनिवडीत आहे. (हे माझं गृहीतक आहे, मोजमाप नव्हे.) पाच परीक्षकांची सरासरी घेतली तर आवडीनिवडीचा परिणाम पाचाने नाही, पाचाच्या वर्गमुळाने, म्हणजे सव्वादोन पटीने कमी होतो. दोन्हींतलं कमी-जास्त १ धरलं, तर गोंगाट शिल्लक राहतो ०.४५. खरी गुणवत्ता आणि उरलेला गोंगाट यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं, की गुणांचा एकूण पसारा मिळतो १.१. नवातला एकच निवडायचा तर निवडीची रेषा सरासरीच्या वर, पसाऱ्याच्या १.२२ पट अंतरावर पडते, म्हणजे सुमारे १.३४ वर. आता असा अर्ज घ्या, जो बाकीच्या ९५ टक्के अर्जांपेक्षा खरोखर सरस आहे. त्याची गुणवत्ता सरासरीच्या १.६४ वर. रेषेच्या वर तो जेमतेम ०.३० आहे, आणि गोंगाट ०.४५. सामान्य वितरणाच्या तक्त्यात बघितलं तर हा अर्ज चारांत एकदा नापास होतो. शंभरातल्या पहिल्या पाचांत बसणारा अर्ज! परीक्षक दहा केले तर तो आठांत एकदा पडतो, वीस केले तर पंचवीसांत एकदा. अर्ज फेटाळला गेलेल्या तरुण संशोधकांनी हे गणित एकदा स्वतः करून बघावं; पुढच्या वर्षी तोच अर्ज थोडा सुधारून पुन्हा टाकण्यात काही वेडेपणा नाही, हे पटेल.

मग वीस परीक्षक नेमायचे का? २,३७७ गुणिले २०, म्हणजे साडेसत्तेचाळीस हजार वाचनं. माणसं आणायची कुठून?

यावर मायकेल मेरिफिल्ड हे खगोलशास्त्रज्ञ आणि मतदानाचं गणित जाणणारे डोनाल्ड सारी यांनी २००९ मध्ये तोडगा सुचवला: ज्याने अर्ज केला, त्यानेच इतरांचे अर्ज तपासायचे. जितके अर्जदार, तितके परीक्षक. चिलीच्या अटाकामा वाळवंटात ६६ अँटेना असलेली ‘अल्मा’ वेधशाळा २०२१ पासून बहुतेक अर्जांसाठी ही पद्धत वापरते. एका अर्जामागे दहा अर्ज तपासून द्यायचे, नाहीतर स्वतःचा अर्ज बाद. शंका लगेच येते: प्रतिस्पर्ध्यांना मुद्दाम तळाला टाकलं तर? मूळ प्रस्तावात यावरही उपाय होता. तुमची क्रमवारी बाकीच्यांच्या एकत्रित क्रमवारीशी जितकी जुळेल, तितका तुमच्या स्वतःच्या अर्जाला थोडा फायदा. लबाडी करणारा आपोआप मागे पडतो. मला ही युक्ती फार आवडते, पण तिची एक खोच आहे. चाकोरीबाहेरच्या कल्पनेला मनापासून वर ठेवणाराही बहुमतापासून दूरच जातो, आणि त्यालाही तीच शिक्षा होते.

काही गोष्टी या रांगेत थांबू शकत नाहीत. त्यांच्यासाठी संचालकांच्या मर्जीतला राखीव वेळ असतो. १९९५ च्या डिसेंबरात बाल्टिमोरच्या त्याच संस्थेचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी याच वेळेतून हबलला आकाशाच्या जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्याकडे दहा दिवस रोखून धरलं आणि हजारो दीर्घिका सापडल्या. ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टक्क्यांपर्यंत गेली होती. पुढच्या निरीक्षणांनी ती जवळजवळ शून्यावर आणली. मार्चमध्ये वेबने राखीव वेळेतच त्याचा आकार मोजला: सुमारे ६० मीटर. समाजमाध्यमांवर तोवर शहरं बेचिराख करून झाली होती. त्याच वर्षी जुलैत सापडलेल्या ‘थ्रीआय-अॅटलास’ या सूर्यमालेबाहेरून आलेल्या धूमकेतूला तर लोकांनी परग्रहवासीयांचं यान ठरवलं. वेबला त्याच्याभोवती दिसला तो भरपूर कार्बन डायऑक्साइड.

अर्ज नामंजूर झाला तरी दार बंद होत नाही. वेबची बरीचशी निरीक्षणं वर्षभर मूळ गटाकडे राहतात आणि मग सर्वांसाठी खुली होतात. काही तर पहिल्या दिवसापासून खुली असतात. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेत दर लक्ष्यासाठी वेगळा अर्ज करण्याची भानगडच नाही. ती सगळं दक्षिण आकाश पुन्हापुन्हा टिपत राहणार. जून २०२५ मध्ये तिची पहिली चित्रं आली, तेव्हा सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांत २,१०४ नवे लघुग्रह सापडले होते. आकाशात काही हललं किंवा उजळलं, की त्याची सूचना काही मिनिटांत जगजाहीर होईल, अशी तिची आखणी आहे. तिथे दुर्बिणीच्या तासांसाठी रांग नसेल. रोजच्या लाखो सूचनांतून कामाची एक शोधून काढणारी आज्ञावली कोण लिहितो, यावर संधी ठरेल, आणि त्यासाठी खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र टाळून चालणार नाही.